अमेरिकन मराठी मिशन: शिकवणारे काय शिकले

परदेशात ख्रिस्ती सेवेसाठी गेलेल्या माणसाने मायदेशी काय कळवावे, याचा एक साचा गेल्या दोनशे वर्षांत पक्का झाला आहे. देण्यासाठी गेलो आणि पदरात भरून घेऊन आलो. लोकांना शिकवायला गेलो आणि स्वतःच नम्रता, धीर, प्रार्थना शिकलो. असे लिहिणारे खोटे लिहीत होते असे मला वाटत नाही. परंतु इतिहासाचा पुरावा म्हणून ही कबुली अपुरी आहे. बोस्टनहून निघणाऱ्या 'मिशनरी हेरल्ड' मासिकात मुंबई-अहमदनगरची जी पत्रे छापली जात, ती वाचणाऱ्यांच्याच देणग्यांवर मिशन चालत असे. अशा पत्रात आध्यात्मिक धडा सांगणे हा लेखनाचा रिवाजच होता. तेव्हा एखादा मिशनरी परक्या देशात खरोखर काय शिकला हे तपासायचे असेल तर त्याने काय सोडले ते पाहावे, असे माझे म्हणणे आहे. येताना बरोबर आणलेली कोणती खात्री, कोणती सवय, कोणती सोय त्याने या भूमीवर टाकून दिली? या कसोटीवर महाराष्ट्रातील सर्वात जुन्या प्रोटेस्टंट मिशनचा इतिहास तपासला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. धडे खरे होते, पण ते फार उशिरा उमगले, बहुधा अपयशातून उमगले, आणि ते देणारे बरेचसे मराठी माणसे होती.

हे मिशन चालवणारी अमेरिकन बोर्ड ही संस्था 1810 मध्ये स्थापन झाली. सेलम गावच्या चर्चमध्ये 6 फेब्रुवारी 1812 रोजी पाच तरुणांना दीक्षा मिळाली आणि त्याच महिन्यात ते दोन जहाजांनी हिंदुस्थानकडे निघाले. ते कलकत्त्याला पोहोचेपर्यंत इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपले होते आणि ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी तसेही नको होते. सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला. सॅम्युएल न्यूएल आणि त्यांची पत्नी हॅरिएट मॉरिशसकडे निघाले; वाटेत जन्मलेले मूल समुद्रावरच दगावले आणि 30 नोव्हेंबर 1812 रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हॅरिएटही गेल्या. ज्या देशासाठी घर सोडले तेथे त्यांना एक दिवसही काम करता आले नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट कलकत्त्याहून निसटून फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला पोहोचले, तर तेथेही गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्यापुढे हद्दपारीचा हुकूम वाट पाहत होता. दोघे कोचीनपर्यंत पळाले, पकडून परत आणले गेले आणि अर्ज-विनंत्या करत राहिले. अखेर 1813 च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना दार किलकिले केले. नॉट 1815 मध्ये आजारपणामुळे परत गेले. न्यूएल मुंबईला येऊन हॉल यांना मिळाले, पण 1821 मध्ये पटकीने वारले. हॉल यांनाही मार्च 1826 मध्ये, नाशिक-त्र्यंबकच्या दौऱ्यात, वाटेत भेटणाऱ्या रोग्यांना औषधे वाटत असताना पटकीनेच गाठले. त्यांचे वय तेव्हा 41 होते. ज्या मराठी नव्या कराराच्या भाषांतरासाठी त्यांनी आणि न्यूएल यांनी वर्षानुवर्षे खपून काम केले, तो त्याच वर्षी छापून पूर्ण झाला.

या पहिल्या काळातला धडा असहायतेचा होता आणि त्याचे महत्त्व कमी लेखू नये. हे तरुण निघाले तेव्हा जगाचे धर्मांतर आपल्या पिढीतच होईल अशी हवा न्यू इंग्लंडात होती. मुंबईत पहिल्या दोन दशकांत बाप्तिस्मा घेणारे फारच थोडे निघाले. ज्यांच्याशी वाद घालायचा त्या शास्त्री-पंडितांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, उत्तर दिले आणि ते घरी गेले. शाळा काढल्या तर तेथे शिकवायला ख्रिस्ती शिक्षक कोठून आणणार? मग हिंदू पंतोजी आणि बेने इस्राएल समाजातले शिक्षक ठेवावे लागले. म्हणजे ज्या धर्माचा पाडाव करायचा त्याच धर्माच्या माणसाच्या हाती स्वतःच्या शाळेची छडी द्यावी लागली. या नाइलाजातून जे उभे राहिले ते त्यांनी योजलेल्या कामाहून जास्त टिकले: 1824 मधली मुंबईतील मुलींची शाळा, देवनागरी टाइपांची छपाई आणि त्या छापखान्यात तयार झालेले हात. निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी लहानपणी याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइपांचे काम शिकले. पुढे त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या ज्या देखण्या आवृत्त्या काढल्या, तसल्या ग्रंथांसाठी बोस्टनच्या देणगीदारांनी टाइप पाठवले नव्हते. आपल्या श्रमाचे फळ आपल्या इच्छेप्रमाणे येणार नाही, ही गोष्ट ते धर्मग्रंथात वाचून आलेच होते; ती अंगी बाणायला मात्र मुंबई लागली.

असहायता लादली जाते. त्याग माणूस निवडतो. म्हणून माझ्या कसोटीला खरा उतरतो तो जॉर्ज बोवेन. हा अमेरिकन मिशनरी 1848 मध्ये मुंबईत आला आणि वर्षभरातच, 1849 मध्ये, त्याने मिशनचा पगार सोडला. युरोपियन वस्तीतले राहणे टाकून तो देशी लोकांच्या गरीब वस्तीत राहिला, शिकवण्या करून पोट भरू लागला आणि 1888 मध्ये वारला तो याच शहरात. त्याचे कारण साधे होते. ज्या लोकांना ख्रिस्ताचे अनुकरण करा म्हणून सांगायचे, त्यांच्या डोळ्यांसमोर मिशनरी साहेबासारखा बंगल्यात राहतो. मग त्यांनी अनुकरण कशाचे करावे? या देशात धर्माची गोष्ट सांगणाऱ्याकडे लोक त्याच्या राहणीवरून पाहतात, हे त्याने येथेच पाहिले. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी यांच्याशी मिशनऱ्यांचे जे जाहीर वाद झाले, त्यांत बोवेन होता आणि त्या वादांचा वृत्तान्तही त्याने प्रसिद्ध केला. समोर उभा असलेला विरक्त ब्रह्मचारी आणि पगार सोडलेला मिशनरी असा तो सामना होता. बोवेनच्या उपदेशाने फारसे कोणी ख्रिस्ती झाले नाही. तरीही शहराने त्याला साधू मानले. मिशनच्या दफ्तरात हे यश म्हणून मांडता येत नाही, पण बोवेनने काय शिकून घेतले याचा हा लखलखीत पुरावा आहे.

यावर एक आक्षेप लगेच येईल. एखाद्या बोवेनचे उदाहरण देऊन सगळ्या मिशनला शहाणे ठरवायचे का? संस्था म्हणून मिशन काय शिकले? हा आक्षेप रास्त आहे. संस्था शिकते तेव्हा ती अधिकार सोडते, आणि येथे चित्र बरेच गढूळ आहे. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात पाहणीसाठी आले. स्थानिक मंडळ्यांनी स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि प्रसारही स्वतः करावा, असा त्यांचा आग्रह होता. 1854 मध्ये अहमदनगरला हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, ती याच विचाराच्या उंबरठ्यावर. एवढे वाचून समाधान वाटते. पण याच अँडरसन यांनी मिशनच्या इंग्रजी शाळा बंद करायला लावल्या. उपदेश मराठीतून व्हावा, शाळाही मराठी असाव्यात, हे त्यांचे तत्त्व. ज्या ख्रिस्ती आणि अन्य पालकांना आपल्या मुलांसाठी इंग्रजी हवी होती, त्यांचे कोणी ऐकले नाही. स्वावलंबनाचे धोरण बोस्टनहून आले आणि हुकमाने अमलात आले. स्वतःचा कारभार स्वतः करा असे वरून फर्मावणे हा विरोध मिशनच्या पुढच्या अर्ध्या शतकाला पुरला.

दुसरा धडा तर मिशनने मागितलाही नव्हता. हॉलपासून सर्वांची धारणा होती की, ब्राह्मण पटले तर बाकी समाज मागून येईल. अहमदनगरला 1831 मध्ये ठाणे पडले, खेड्यापाड्यांत शाळा गेल्या आणि मंडळ्या वाढल्या त्या महारवाड्यात आणि मांगवाड्यात. विद्वानांशी वाद घालण्याची तयारी करून आलेल्यांना गावकुसाबाहेरच्या माणसाने आत घेतले. याचे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते: पोटासाठी आले. 1876-78 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मिशनच्या दारात गर्दी झाली, बाप्तिस्मे वाढले, हे खरे आहे आणि ते लपवू नये. पण दुष्काळाच्या कितीतरी आधीपासून ही माणसे येत होती. त्यांना भाकरीबरोबर आणखी काही हवे होते. आपल्या मुलाने पाटीवर अक्षर गिरवावे, कोणी आपल्या घरी येऊन बसावे, आपल्याला नावाने हाक मारावी, या मागण्यांना आध्यात्मिक म्हणायचे नाही असा नियम कोणी केला? मिशनरी मंडळींनी सुरुवातीला या मागण्या 'ऐहिक हेतू' म्हणून संशयाने पाहिल्या. हळूहळू त्यांना दिसले की, ज्या शुभवर्तमानात कुष्ठरोग्याला हात लावला जातो ते पुस्तक महारवाड्यातला माणूस त्यांच्याहून सरळ वाचतो. अहमदनगरच्या मिस सिंथिया फॅरार यांचे उदाहरण येथे आठवते. अमेरिकेतून परदेशी मिशनवर पाठवलेल्या पहिल्या काही अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. 1827 मध्ये मुंबईला आल्या, 1839 पासून 1862 मध्ये मृत्यू येईपर्यंत अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि पुण्यात स्वतःची काढली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनने धर्मांतराच्या आशेने चालवलेल्या शाळेतून सत्यशोधनाला बळ मिळाले.

कीर्तनाचा इतिहास या वादात मोलाचा आहे. आरंभीची ख्रिस्ती गीते इंग्रजी चालींवर बेतलेली असत. मराठी गळ्याला ती अवघड जात आणि मराठी कानाला परकी वाटत. 1860 च्या दशकात अहमदनगर भागात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या मराठी ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनात आणले: पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मृदंग, मध्ये अभंग. काही वर्षांपूर्वीपर्यंत मिशनरी ज्याला मूर्तिपूजेचा बाजार समजत, त्याच रूपात ते आपल्या प्रभूची कथा ऐकू लागले. हा धडा कोणी दिला? पगारी उपदेशक म्हणून ज्यांची नोंद मिशनच्या वहीत दुय्यम होती त्यांनी. यावर टीकाकार म्हणतील की ही तर प्रचाराची युक्ती: लोक जमतात म्हणून टाळ उचलले. आरंभ युक्तीने झाला असेलही. पण जी गोष्ट युक्ती म्हणून उचलली ती माणसाला आतून बदलत नाही असे कोठे आहे? अभंगाच्या घाटात प्रार्थना करणाऱ्याला देवाशी मायबापाच्या, सख्याच्या नात्याने बोलावेच लागते. न्यू इंग्लंडच्या कठोर कॅल्विनपंथी प्रार्थनेत त्या सलगीला जागा नव्हती.

श्रद्धेच्या सिद्धान्तापर्यंत हा बदल पोहोचल्याचा पुरावा रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्या प्रकरणात मिळतो. मुंबईतच 1847 मध्ये जन्मलेले ह्यूम 1870 च्या दशकापासून अहमदनगरला होते आणि तेथील धर्मशिक्षणाची शाळा त्यांनी 1878 मध्ये उभी केली. ख्रिस्ताचे नाव न ऐकता मेलेल्यांचे काय होणार, हा प्रश्न हिंदुस्थानात प्रत्येक मिशनऱ्यापुढे उभा राहत असे, कारण बाप्तिस्म्याच्या विचारात असलेल्या माणसाच्या मनात आपले वाडवडील असतात. जुने उत्तर होते की, ते सर्व अनंतकाळ नाश पावले. 1886 मध्ये रजेवर अमेरिकेत असताना ह्यूम यांनी सांगितले की, अशांना मृत्यूनंतर ख्रिस्ताची ओळख होण्याची संधी मिळेल, ही आशा बाळगण्याला वाव असला पाहिजे. अमेरिकन बोर्डात मोठे वादळ उठले आणि त्यांना हिंदुस्थानात परत पाठवणे रोखून धरण्यात आले. त्यांना परवानगी मिळाली ती 1887 मध्ये. स्वतःच्या नोकरीवर आणि नावावर बेतेल हे ठाऊक असूनही एका मिशनऱ्याने मराठी माणसाच्या वाडवडिलांसाठी आपल्या पंथाच्या कडक मतापुढे प्रश्नचिन्ह लावले. 1893 च्या शिकागो धर्मपरिषदेत ज्या व्यासपीठावर विवेकानंद बोलले, त्याच व्यासपीठावर ह्यूमही बोलले.

अमेरिकन मराठी मिशनच्या बाहेर, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तर शिकण्याची दिशा आणखी स्पष्ट उलटली. पंडिता रमाबाईंच्या या आश्रमात 1905 मध्ये अनाथ मुली आणि विधवा यांच्यात प्रार्थनेची प्रचंड लाट उसळली. रडणे, पापकबुली, एकाच वेळी शेकडोंनी मोठ्याने प्रार्थना. पाश्चात्त्य पाहुण्यांपैकी कित्येकांना ते उन्मादासारखे वाटले. रमाबाईंनी ते दाबले नाही. तेथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी बाईंनी त्या अनुभवातून 1906 मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि ती चिलीत वाल्पाराइसोला असलेल्या आपल्या जुन्या मैत्रिणीला, मे हूव्हर यांना, पाठवली. मे आणि त्यांचे पती विलिस हूव्हर यांच्या मंडळीत 1909 मध्ये जी जागृती झाली, तिच्यातून चिलीतील पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली. दुष्काळातून आणि वैधव्यातून सुटलेल्या मराठी मुलींची प्रार्थना दक्षिण अमेरिकेत पोहोचली. मिशनच्या इतिहासात ज्यांना 'उद्धरलेल्या' म्हणून मोजले जाते, त्या येथे गुरू आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकींची नावे आपल्याला माहीत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता सर्वात कठीण आक्षेप. हे लोक खरोखर शिकले असते तर त्यांनी धर्मांतर करणे थांबवले असते, असे अनेक विचारी वाचकांना वाटते. दुसऱ्याचा धर्म अपुरा आहे हे गृहीत धरूनच जो येतो, त्याची नम्रता ती कसली? मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. 1832 मध्ये स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी हिंदू धर्माचा पर्दाफाश करण्याच्या उद्देशाने पुस्तक काढले. त्यात शिकण्याची इच्छा शोधूनही सापडत नाही. पण त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी काय चालले होते ते पाहा. जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी 1881 ते 1910 मुंबईत होते. निवृत्त होऊन न्यू जर्सीला परतल्यावर त्यांनी महीपतीच्या आणि इतर ग्रंथांतून मराठी संतचरित्रे इंग्रजीत आणायला घेतली: भानुदास 1926 मध्ये, एकनाथ 1927 मध्ये, बहिणाबाई 1929 मध्ये, तुकाराम 1930 मध्ये, रामदास 1932 मध्ये. त्याच वर्षी ते वारले आणि उरलेले काम, पंडित नरहर गोडबोले यांच्या साथीने केलेल्या 'भक्तविजया'च्या भाषांतरासह, सहकाऱ्यांनी पुरे केले. या ग्रंथांतून एकही मराठी माणूस ख्रिस्ती होणार नव्हता. ते इंग्रजी वाचकासाठी होते आणि मराठी संत आपल्या शब्दांत बोलावा एवढीच त्यांची धडपड होती. ॲबट यांनी ख्रिस्तावरील श्रद्धा सोडली नाही. इतरांनी आपल्यासारखे व्हावे ही इच्छाही त्यांनी सोडली असेल असे मी म्हणणार नाही. परंतु आयुष्याची शेवटची वर्षे ज्याने तुकोबा आणि बहिणाबाई समजून घेण्यात घालवली, त्याला उद्दाम म्हणणे सत्याला धरून होणार नाही. श्रद्धा आणि शिकण्याची तयारी एकाच माणसात राहू शकतात. आपल्या वारकरी परंपरेनेही स्वतःचा विठोबा न सोडता कबीराला जवळ केले.

साम्राज्याचा आक्षेपही विचारात घ्यावा लागतो. अमेरिकन मिशनरी ब्रिटिश नव्हते आणि आरंभी तर ते सरकारचे कैदीच होते. पण पुढे शाळांना सरकारी अनुदान मिळाले, दुष्काळकामाबद्दल ह्यूम यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले आणि गोरा साहेब म्हणून मिळणारा मान त्यांनाही मिळत राहिला. या मानाची सवय हीच मिशनला शिकण्यात सर्वात मोठी आडकाठी झाली. त्याचा पुरावा रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यात आहे. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक मिशनचे सर्वात मोठे कवी. शंभराहून अधिक भजने त्यांनी मंडळीला दिली, 'ख्रिस्तायन' हे काव्य हाती घेतले, मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाची मराठी बाजू 1912 पासून सांभाळली. तुकारामामुळे आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते उघड सांगत. मिशनने त्यांची गाणी आनंदाने गायिली. पण परदेशी पैशावर, परदेशी मंडळाच्या ठरावांवर चालणाऱ्या चर्चमध्ये ख्रिस्त मराठी होणार नाही, हे त्यांचे म्हणणे मिशनला पेलले नाही. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती घेतली आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' उभा केला. दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी, ते वारले आणि दरबार ओसरला. अडुसष्ट वर्षांपूर्वी पगार सोडलेल्या बोवेनपासून मिशन जे शिकू शकले असते, ते टिळकांनी पुन्हा करून दाखवले तरी संस्थेने घेतले नाही. माझा निवाडा असा की, अमेरिकन मराठी मिशनमधील माणसे शिकली. मिशन चाल शिकले, भाषा शिकले, पण खुर्ची सोडायला फार उशिरा शिकले.

आजही अनेक देशांतून तरुण दोन-तीन आठवड्यांच्या मिशन दौऱ्यांवर जातात आणि परतल्यावर काय शिकलो ते सांगतात. त्यांच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण ह्यूम यांचा प्रश्न पिकायला वर्षे लागली आणि ॲबट यांचे काम तर निवृत्तीनंतर सुरू झाले. शिवाय या साऱ्या इतिहासाची एकच बाजू आपल्याजवळ नीट जपलेली आहे. मिशनऱ्यांची पत्रे अमेरिकेतल्या ग्रंथालयांत क्रमवार लावून ठेवली आहेत. त्यांना शिकवणाऱ्यांचे कागद मात्र आज अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या घराघरांत, चर्चच्या कपाटांत आणि जुन्या पेट्यांत असतील. कीर्तनकारांच्या वह्या, मंडळ्यांची बाप्तिस्म्याची रजिस्टरे, बायबलबाईंच्या नोंदी, 'ज्ञानोदया'चे सुटे अंक ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत. जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयाला निदान त्यांची छायाचित्रे काढू द्यावीत.